मुंबई, जिल्हा फ्रँकलिन

आमच्या बडोद्याच्या घरी सगळ्यांत थोरली ती मुंबईकाकू. गिरगावातल्या एका चाळीतून लग्न होऊन ती दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आली, ती कायमची. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले, माहेरचे नाव तिथेच संपले. पण ते नवे नावही कधी वापरात आले नाही. ते रेशनकार्डावर होते, पासबुकावर होते. हाक मारताना घरात मुंबईकाकू, आणि शेजारच्या गुजराती घरांत मुंबईवाळां काकी. पन्नासएक वर्षे एक बाई एका शहराचे नाव लावून जगली.

मी नववी-दहावीत असताना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जात असे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभी केली, त्यांतले हे मुख्य. तिथे एक जाडजूड इंग्रजी नकाशासंग्रह होता. त्याच्या शेवटी बारीक टायपात गावांची सूची होती आणि नकाशांपेक्षा मला तीच आवडायची. एकदा तिच्यात बॉम्बे दोनदा दिसले. पहिले आपले. दुसऱ्यापुढे न्यूयॉर्क. मला वाटले, छपाईची चूक असेल. पान उलगडून पाहिले तर अगदी वर, कॅनडाच्या सीमेला चिकटून, एक टिंब होते.

घरी आल्यावर काकूला सांगितले. ती अंगणात गहू निवडत बसली होती.

"काकू, अमेरिकेत मुंबई नावाचं एक खेडं आहे."

"असेल की," मान वर न करता ती म्हणाली. "कुणाचं तरी माहेर असेल मुंबईचं."

मी हसले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी या टिंबाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा ते हसणे मला परत घ्यावे लागले.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्याला शहर आठवते. पण त्या नावाचे राज्य मोठे आहे आणि शहरापासून उत्तरेला शेकडो मैल गेले की ॲडिरॉन्डॅकचे डोंगर ओलांडून सेंट लॉरेन्स नदीचे सपाट खोरे लागते. तिथे फ्रँकलिन जिल्हा आहे. हिवाळा लांब आणि बोचरा, शेतीचा हंगाम तोकडा. गवत, ओट, बटाटा, दुभती जनावरे यांच्यावर या मुलखाने दोन शतके काढली. एके काळी बटाट्यापासून स्टार्च काढणारे कारखाने होते आणि बिअरला लागणारे हॉप्सचे वेलही पिकत. या जिल्ह्यात बॉम्बे नावाचा 'टाउन' आहे. टाउन म्हणजे इथे शहर नव्हे. आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीसारखा तो प्रकार: थोडी घरे एकत्र, बाकी शेतांत विखुरलेली. २०१० च्या जनगणनेत त्या संबंध हद्दीत १,३५७ माणसे होती. मुंबईच्या एका लोकलगाडीत गर्दीच्या वेळी याहून जास्त असतात.

अमेरिकेत भारतातल्या शहरांची नावे आणखीही आहेत. न्यूयॉर्क राज्यातच डेल्ही आहे, तिचा उच्चार स्थानिक लोक 'डेल्हाय' असा करतात. एबेनेझर फूट नावाच्या तिथल्या बड्या प्रस्थाला लोक थट्टेने 'ग्रेट मोगल' म्हणत, म्हणून त्याच्या गावाला मोगलांची राजधानी बहाल झाली. ऑरेगॉन राज्यात मद्रास आहे, ते दुकानातल्या मद्रासी कापडाच्या ठाणावरून आले असे सांगतात. एक नाव थट्टेतून, दुसरे कापडावरून. बॉम्बेचे नाव मात्र एका बाईमुळे पडले.

तिच्यापर्यंत पोचायचे तर आधी तिच्या नवऱ्याची ओळख करून घ्यावी लागते. मायकेल होगन, जन्म १७६६, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला. पोटासाठी समुद्रावर गेला आणि जहाजाचा कप्तान झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडच्या व्यापारात जी धाडसी आणि फारसा विधिनिषेध न पाळणारी माणसे वर आली, त्यांतला हा एक. १७९५ मध्ये तो 'मार्क्विस कॉर्नवॉलिस' या जहाजातून आयरिश कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला. वाटेत कैद्यांनी बंड केले, ते त्याने निर्दयपणे मोडून काढले आणि १७९६ च्या फेब्रुवारीत जहाज सिडनीच्या बंदराला लावले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपमध्ये, त्याने बस्तान बसवले. तिथे गुलामांच्या व्यापारातही त्याचा हात होता. ही गोष्ट जिल्ह्याच्या जुन्या इतिहासांत सहसा येत नाही. गावाच्या नावाची कहाणी सांगताना लोक त्याला दर्यावर्दी आणि व्यापारी म्हणून मोकळे होतात.

या माणसाने मुंबईत लग्न केले. वधूचे नाव फ्रान्सेस रिचर्डसन.

ती ज्या मुंबईत वाढली ती काकूच्या मुंबईहून फार वेगळी होती. सात बेटांमधली खाजणे बुजवायचे काम चालू होते. वरळीचा बांध नुकताच घातला गेला होता. कंपनी सरकारची वस्ती किल्ल्याच्या तटाआत होती. गोदीत वाडियांच्या कारखान्यात सागवानी जहाजे बांधली जात आणि त्यांतून कापूस चीनकडे जाई. अनेक प्रांतांची माणसे आणि भाषा त्या बंदरात एकत्र नांदत. तिथे फ्रान्सेससारख्या मुलीच्या कानांवर इंग्रजीइतकीच मराठी, गुजराती, पोर्तुगीज आणि खलाशांची हिंदुस्थानी पडली असणार.

होगन कुटुंब १८०४ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात आले. हडसन नदीकाठी एका उंचवट्यावर होगनने टुमदार घर बांधले आणि त्याला क्लेअरमाँट नाव दिले. हे आपल्या जन्मभूमीवरून दिले, असे काहीजण सांगतात. पुढे ते घर गेले, पण शहरातल्या एका रस्त्याला ते नाव चिकटून राहिले. जिथे जाईल तिथे मागचे एखादे नाव रोवायचे, ही त्याची सवयच दिसते.

शहरात या जोडप्याबद्दल दंतकथा तयार व्हायला वेळ लागला नाही. होगनची सावळी बायको ही हिंदुस्थानातली राजकन्या आहे, आणि तिच्याबरोबर त्याने लाखांनी मोजावेत इतके सोन्याचे सॉव्हरिन आणले आहेत, अशी ती कथा. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांविषयीच्या लेखनातून ती फिरत राहिली आणि गावाच्या इतिहासातही शिरली. राजकन्येचे आडनाव रिचर्डसन कसे, हा प्रश्न कुणाला पडला नाही. सोन्याचेही तसेच. ब्रिटिशांचा नवा सॉव्हरिन पाडायला सुरुवात झाली १८१७ मध्ये. १८०४ मध्ये जहाजातून उतरलेल्या पेटाऱ्यात ते नाणे असण्याची सोय नव्हती.

दंतकथा खोटी ठरली म्हणून निरुपयोगी ठरत नाही. ती कशासाठी रचली गेली, हे पाहायचे असते. पूर्वेकडून श्रीमंत होऊन आलेल्या कप्तानाने ते पैसे कसे मिळवले, याचे खरे उत्तर अडचणीचे होते. कैदी आणि गुलाम यांच्या वाहतुकीपेक्षा राजकन्येचे स्त्रीधन ऐकायला बरे. आणि सावळ्या रंगाची बाई न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित दिवाणखान्यात कशी, याचेही उत्तर त्या एका शब्दात मिळून जाई. राजकन्या म्हटले की रंग माफ होत असे.

इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. आपली मुंबई १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या, ब्रगांझाच्या कॅथरीनच्या, लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला मिळाली. सात वर्षांनी त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊन टाकली. म्हणजे एक मुंबई राजकन्येच्या हुंड्यात गेली, आणि दुसरी राजकन्येच्या हुंड्यातून विकत घेतली गेली असे लोक सांगत.

विकत घेतली म्हणजे कुणाकडून? गावाच्या नावाचा इतिहास सांगताना या प्रश्नावरून सहसा लवकर पुढे जातात. १७९१ मध्ये अलेक्झांडर मॅकम नावाच्या सट्टेबाजाने न्यूयॉर्क राज्याकडून उत्तरेची ३६ लाख एकरांहून अधिक जमीन घेतली. भाव होता एकरी आठ पेन्स. पुढच्याच वर्षी मॅकम कर्जापायी तुरुंगात गेला. जमिनीचे तुकडे हातोहात फिरत राहिले आणि त्यांतला एक मोठा तुकडा होगनकडे आला. नकाशावर आखलेल्या या रेघांच्या आत माणसे आधीपासून राहत होती. मोहॉक लोकांचा तो मुलूख. त्यांच्या भाषेत त्याचे नाव अक्वेसास्ने. तितर पक्षी जिथे पंखांनी ढोल वाजवतो ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. जंगलातल्या पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून तो नर पंख फडफडवतो तेव्हा खरोखर दुरून ढोल घुमल्यासारखे ऐकू येते. नदीच्या धबाबा आवाजावरूनही ते नाव आले असावे, असेही म्हणतात. कसेही असो, हे नाव त्या जागेच्या आवाजावरून पडलेले आहे.

१७९६ च्या तहात मोहॉकांकडे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद एवढा प्रदेश उरला, आणि त्याशिवाय काही लहान तुकडे. तेही टिकले नाहीत. १८१६ ते १८४५ या काळात राज्याने त्यांतलेही भाग एकेक करून विकत घेतले. आदिवासींची जमीन संघ सरकारच्या संमतीशिवाय घेता येणार नाही, असा कायदा १७९० पासून होता. ती संमती घेतली गेली नाही.

या मुलखात सेंट रेजिस नदीवर जी वस्ती उभी राहिली तिचे नाव पडले होगन्सबर्ग. तिच्या दक्षिणेच्या शेतजमिनीला नाव मिळाले बॉम्बे. नवऱ्याचे आडनाव नदीकाठी, बायकोचे माहेर शेतात. जिल्ह्याचे इतिहास लिहिणाऱ्यांनी कारण थोडक्यात नोंदवले आहे: होगनची पत्नी मुंबईत राहिलेली होती, म्हणून हे नाव. काकूने गहू निवडता निवडता सांगितले होते तेवढेच.

प्रत्यक्ष वसाहत केली ती त्यांच्या मुलाने. विल्यम होगन १७९२ मध्ये केप टाउनला जन्मला, न्यूयॉर्कमध्ये शिकला, १८१२ च्या युद्धात गेला, वकील झाला. या रानात येऊन त्याने शेती केली, लाकडाच्या आणि पिठाच्या गिरण्या चालवल्या. तो जिल्ह्याचा न्यायाधीश झाला आणि १८३१ ते १८३३ अमेरिकन काँग्रेसमध्ये बसला. उतारवयात तो वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात भाषांतरकार होता. आई मुंबईची, बाप आयर्लंडचा, जन्म आफ्रिकेतला, आणि शेवटची नोकरी भाषांतराची. अनेक भाषांत वावरणाऱ्या या नियतकालिकाच्या वाचकांना तो आपल्यातला वाटेल. पण आईच्या शहरातली एखादी म्हण, एखादे अंगाईगीत त्याच्या कानात होते का, याची नोंद कुणी केलेली नाही. कागदोपत्री उरले ते गावाचे नाव.

१८३३ मध्ये फोर्ट कव्हिंग्टन या शेजारच्या टाउनमधून बॉम्बेची हद्द वेगळी काढण्यात आली आणि नाव सरकारी झाले. फोर्ट कव्हिंग्टन हे नाव १८१३ च्या लढाईत पडलेल्या एका सेनापतीचे. त्या काळी नावे अशीच पडत: सेनापती, जमीनमालक, जमीनमालकाची आवडती आठवण. त्याच वर्षी मायकेल होगन वारला. मधल्या काळात त्याची श्रीमंती ओसरली होती आणि चिलीतल्या वाल्पाराइसो बंदरात अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून त्याने काही वर्षे काढली होती. बॉम्बेत जमीन कसायला आलेल्यांत आयरिश स्थलांतरित बरेच होते. त्यांनी झाडे तोडली, गोठे बांधले, लोणी आणि चीज विकले. मुंबई कुठे आहे, हे त्यांच्यातल्या कितीजणांना माहीत असेल? नाव असले की ते पत्त्यावर लिहायचे, अर्थ विचारायचा नाही. आपणही आपल्या गावांच्या नावांचे अर्थ कुठे विचारतो?

आता आपल्या मुंबईकडे येते, कारण या गोष्टीचा दुसरा पाय तिथे आहे. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले तेव्हा बडोद्यातल्या आमच्या घरात काही बदलल्यासारखे कुणालाच वाटले नाही. मराठीत ती मुंबईच होती, गुजरातीतही मुंबईच. हिंदीत बंबई होती आणि इंग्रजीत बॉम्बे. बदल झाला तो या दोन भाषांत. पोर्तुगीज 'बोम्बाईम' लिहीत, त्याचे इंग्रजांनी बॉम्बे केले. 'चांगला उपसागर' अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून ते आले, ही समजूत व्याकरणातच अडखळते, कारण त्या भाषेत उपसागर स्त्रीलिंगी आहे आणि त्याला 'बोम' हे पुल्लिंगी विशेषण लागत नाही. मागे उभी आहे ती मुंबादेवी, कोळ्यांची. बेटावर आधीपासून राहणाऱ्यांची देवी, परक्यांच्या जिभेवर फिरून फिरून एका इंग्रजी शब्दापर्यंत पोचली. तो शब्द एका बाईबरोबर समुद्र ओलांडून गेला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या नावावर जाऊन बसला.

अक्वेसास्नेच्या अगदी शेजारी बॉम्बे हे नाव वाचताना मला जे अवघडल्यासारखे होते, ते यामुळे. परदेशात आपले नाव दिसले की आपण हरखतो. सूचीतल्या त्या टिंबाने मीही हरखले होते. पण ते नाव तिथे आपल्या माणसांनी नेलेले नाही. इथे एकाचे नाव जसे दुसऱ्याच्या सोयीने लिहिले गेले, तसेच तिथेही झाले. लिहिणारा हात एकाच तऱ्हेचा होता. फरक इतकाच, की तिथे आपला शब्द त्या हातातली लेखणी झाला.

पुढची हकिगत सांगितली नाही तर ही गोष्ट अर्धी राहील. आपल्या जमिनींसाठी मोहॉकांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यावर दावा लावला. तो चाळीस वर्षे चालला. त्यातल्या एका तुकड्याचे कागदपत्रांतले नावच 'होगन्सबर्ग त्रिकोण' असे आहे. २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने म्हटले की जुन्या खरेद्यांत राज्याने १७९० चा कायदा मोडला होता. त्याआधी, २०१६ मध्ये, होगन्सबर्गचा सेंट रेजिस नदीवरचा जुना वीजधरणाचा बांध मोहॉकांनी स्वतः काढून टाकला आणि वर जायला मासळीला पुन्हा वाट मिळाली. तिथल्या आदिवासी शासनाच्या कार्यालयाचा टपालाचा पत्ता पूर्वी होगन्सबर्ग असा असे. आता तो अक्वेसास्ने असा लिहितात.

म्हणजे नवऱ्याचे नाव हळूहळू पुसले जात आहे आणि बायकोच्या माहेरचे अजून टिकून आहे. ज्या शहरावरून ते घेतले त्या शहराने ते टाकून दिले आहे. हायकोर्ट आणि आयआयटी यांच्या इंग्रजी पाट्यांवर ते तेवढे उरले. तिकडे फ्रँकलिन जिल्ह्यात मात्र रस्त्याच्या पाटीवर, टपालाच्या शिक्क्यावर बॉम्बे तसेच आहे. ते बदला असे आपण म्हणावे का? मला नाही वाटत. तो हक्क कुणाचा असेलच तर अक्वेसास्नेच्या लोकांचा आहे. आपण फक्त एवढे करू शकतो की त्या नावाची गोष्ट सांगताना राजकन्येपाशी थांबायचे नाही. गुलामांचे जहाजही सांगायचे, आठ पेन्सचा भावही सांगायचा.

आणि फ्रान्सेस रिचर्डसनचे नावही सांगायचे. त्या सगळ्या मुलखात होगन आहे, मुंबई आहे, तिचे स्वतःचे नाव कुठेच नाही. नवऱ्याला, मुलाला आणि गावाला ती ज्या शहराची आठवण देत राहिली, तेवढीच तिची ओळख उरली. याची सवय आपल्याला अगदी घरातून आहे.

काकू गेली तेव्हा वर्तमानपत्रात निधनाची सूचना दिली. तीत तिचे पूर्ण नाव छापले, रेशनकार्डावरचे. दोन दिवस वाड्यात लोक विचारत होते, तुमच्याकडे कोण गेले म्हणे? पन्नास वर्षे तिच्याकडून विरजण नेणाऱ्या शेजारणींना ते नाव ओळखू आले नाही. दहाव्याच्या सूचनेत मग नावापुढे कंसात 'मुंबईकाकू' घातले. तेव्हा सगळे आले.

माहेरचे तिचे नाव काय होते, ते त्या दिवशी गिरगावाहून आलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला मी विचारले. तिने सांगितले. मी ते वहीत लिहून ठेवले आहे.